हार्डवेअरमध्ये अजाइल: बोर्ड हाती येण्याआधी काय करायचं आणि आल्यावर काय

दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट (कामाचा ठरलेला छोटा टप्पा), रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. त्यातली एक चिठ्ठी मात्र चार स्प्रिंट झाले तरी त्याच रकान्यात: ‘पीसीबी लेआउट (सर्किट बोर्डची मांडणी), काम चालू’. हार्डवेअरच्या टीमने अजाइल (छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत) सुरू केलं की बहुतेक ठिकाणी हेच दिसतं. सॉफ्टवेअरवाल्यांची पद्धत जशीच्या तशी उचलायची, दोन महिन्यांच्या कामाचे चार तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दाखवायला काहीच नसलं की म्हणायचं, ‘आपल्याकडे हे चालत नाही.’

चालतं. दर दोन आठवड्यांनी नवा बोर्ड मिळणार नाही हे खरं, पण एका अवघड प्रश्नाचं मोजून घेतलेलं उत्तर नक्की मिळू शकतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

उदाहरणाला एकच वस्तू धरू: सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलवर चालणारा, तापमान आणि आर्द्रता मोजून ब्लूटूथ लो एनर्जीने पाठवणारा छोटा सेन्सर. अट अशी की सेल वर्षभर टिकला पाहिजे. या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते आणि वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे सरासरी प्रवाह २५ मायक्रोअँपिअरच्या आत हवा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

## पायरी १: कोणती गोष्ट बदलायला किती वेळ लागतो, ते लिहून काढा

स्प्रिंट आखण्याआधी एक कागद घ्या. फर्मवेअरमधली (चिपवर चालणाऱ्या कोडमधली) ओळ बदलायला मिनिटं लागतात. थ्रीडी प्रिंटरवरचं खोकं एका रात्रीत होतं. पीसीबी बनून, त्यावर पार्ट बसून हातात यायला घाई केली तर आठवडा, एरवी दोन ते चार आठवडे. इंजेक्शन मोल्डिंगच्या साच्याला दीड-दोन महिने सहज जातात. रेडिओ आणि ईएमसीच्या (विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या) चाचण्यांत नापास झालात, तर बोर्ड बदलून पुन्हा रांगेत.

या कागदावरून एक नियम निघतो. सावकाश बदलणाऱ्या गोष्टीबद्दलची शंका झटपट बदलणाऱ्या गोष्टीवर फेडायची. साच्याबद्दलची शंका थ्रीडी प्रिंटवर आणि बोर्डबद्दलची शंका डेव्हलपमेंट किटवर (त्याच चिपचा तयार मिळणारा प्रयोगाचा बोर्ड).

याच कागदावर उशिरा मिळणारे पार्टही लिहा. मायक्रोकंट्रोलर (बोर्डवरची मुख्य चिप), डिस्प्ले आणि खास कनेक्टर यांची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा. लेआउट पूर्ण झाल्यावर ‘हा पार्ट सहा महिने नाही’ असं कळण्यासारखा वाईट दिवस नाही. रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा पार्ट) किंवा सेन्सरला पर्याय असेल, तर शेजारी दुसरा फूटप्रिंट (पार्ट बसवायचे पॅड) आत्ताच ठेवा.

सावधान: बाहेर बनायला गेलेल्या बोर्डची वाट पाहण्याला स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे गुण) देऊ नका. त्यासाठी ‘बाहेर गेलेलं’ असा वेगळा रकाना करा, त्यात अपेक्षित तारीख आणि पाठपुरावा कोण करणार त्याचं नाव लिहा. नाहीतर टीमचा वेग कुरिअरवाल्याच्या वेगावर ठरतो.

## पायरी २: बॅकलॉगमध्ये (करायच्या गोष्टींच्या यादीत) कामं नव्हे, प्रश्न लिहा

‘पॉवर सप्लाय डिझाइन’ हे काम झालं. ते कधी संपतं, हे कुणालाच सांगता येत नाही. तेच असं लिहा:

*प्रश्न:* थंडीत, अर्धा वापरलेला सेल असताना, रेडिओ पाठवतोय त्या क्षणी व्होल्टेज किती खाली जातं?
*मोजणार कसं:* किटवर सेल लावून, स्कोपवर (व्होल्टेजची लहर दाखवणारं यंत्र).
*पास कधी:* मायक्रोकंट्रोलरच्या ब्राउनआउट पातळीच्या (जिच्याखाली तो रिसेट होतो) किमान ०.२ व्होल्ट वर राहिलं तर.
*उत्तराने काय बदलेल:* सेलला समांतर मोठा कपॅसिटर लावायचा की नाही, आणि त्याला जागा किती ठेवायची.

चौथी ओळ सगळ्यांत महत्त्वाची, आणि सगळे तीच गाळतात. उत्तर काहीही आलं तरी निर्णय तोच राहणार असेल, तर तो प्रश्न काढून टाका. ती उत्सुकता आहे, तिला स्प्रिंट कशाला द्यायचा?

आता क्रम. ज्याचं उत्तर चुकलं तर सगळा बोर्ड किंवा साचा बदलावा लागेल आणि ज्याबद्दल टीमला सगळ्यांत कमी खात्री आहे, तो प्रश्न वर. प्रत्यक्षात लोक उलटं करतात. बटण, एलईडी, बझर आधी उरकतात, कारण त्याचा डेमो छान होतो. एलईडी न पेटल्यामुळे प्रॉडक्ट बुडाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. अँटेना खोक्यात गेल्यावर रेंज निम्मी झाल्यामुळे अडकलेली मात्र पाहिली आहेत.

आपल्या सेन्सरसाठी माझी यादी अशी लागेल: सेलचं व्होल्टेज, झोपेतला (चिप काम करत नसतानाचा) प्रवाह, खोक्यात बसवल्यावरची रेंज, आणि बोर्डच्या स्वतःच्या उष्णतेने तापमानाचं वाचन किती बिघडतं. उरलेलं सगळं त्यानंतर.

तपासा: वरच्या चार प्रश्नांपुढे आकडा आहे का? ‘चांगली रेंज’ हा आकडा नाही.

## पायरी ३: स्वस्तात पुरावा मिळवा

पहिले दोन-तीन स्प्रिंट स्वतःच्या बोर्डशिवाय काढा. डेव्हलपमेंट किट, सेन्सरचा तयार छोटा बोर्ड, थ्रीडी प्रिंट, पुठ्ठा, काहीही चालेल. पण कोणत्या साधनावर कोणत्या उत्तराचा भरवसा ठेवायचा, याची समज हवी.

ब्रेडबोर्डवर (तारा खोचून सर्किट जुळवायची पाटी) कमी वेगाची आय-टू-सी बस (चिपांनी एकमेकींशी बोलायच्या दोन तारा) आणि बटणं यांचं उत्तर खरं मानायला हरकत नाही. स्विचिंग रेग्युलेटर किंवा रेडिओचं तिथलं उत्तर खोटं असतं. त्या लांब तारांचं स्वतःचं इंडक्टन्स आणि पट्ट्यांमधलं कपॅसिटन्स सगळं बिघडवतं. अँटेनाची चाचणी अंतिम आकाराच्या खोक्यात, आत सेल बसवूनच घ्या. जवळचा धातू तिला हमखास बेसूर करतो.

प्रवाह मोजताना दोन फसवणुकी होतात. एक, किटवरची प्रोग्रॅमर चिप आणि पॉवरचा एलईडी आपल्या चिपपेक्षा कितीतरी जास्त खातात. प्रवाह मोजण्यासाठी दिलेला जम्पर काढून फक्त मायक्रोकंट्रोलरचा प्रवाह मोजा. दोन, मायक्रोअँपिअरच्या रेंजवरचा मल्टिमीटर. त्याच्या आतला रोध मोठा असतो. झोपेत आकडा बरोबर दाखवतो, पण रेडिओ चालू होऊन काही मिलिअँपिअर ओढले गेले की व्होल्टेज मीटरमध्येच अडकतं आणि बोर्ड रिसेट होतो. मग फर्मवेअरवाला दोन दिवस नसलेला बग शोधत बसतो.

## पायरी ४: फर्मवेअरला बोर्डची वाट पाहायला लावू नका

‘बोर्ड आला की सुरू करू’ हे वाक्य ऐकलं की समजा, एक महिना गेला.

फर्मवेअर दोन थरांत लिहा. वरच्या थरात प्रॉडक्टचं डोकं: कधी मोजायचं, कधी पाठवायचं, चूक झाली तर काय करायचं. खालच्या थरात हार्डवेअरला हात लावणारी मोजकी फंक्शन्स: तापमान वाच, पाकीट पाठव, वेळ सांग, झोप. वरचा थर खालच्या थराशी फक्त या फंक्शन्समधून बोलेल. मग खालचा थर बदलून त्या जागी खोटा थर ठेवला की वरचा सगळा कोड लॅपटॉपवर चालतो.

खोट्या थराचा खरा फायदा बिघाड दाखवण्यात आहे. खोट्या सेन्सरला उत्तरच देऊ नका, सगळे बिट एक असलेला आकडा द्या, तिसऱ्या वेळी अडकवून ठेवा. घड्याळही खोटं ठेवा. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी भरतो आणि शून्यावर येतो. ‘आता’ आणि ‘पुढची वेळ’ यांची थेट तुलना करणारा कोड त्या दिवशी हमखास फसतो. प्रयोगशाळेत कुणी पन्नास दिवस थांबत नाही, पण खोट्या घड्याळात तो दिवस एका सेकंदात आणता येतो.

पुढे खरा बोर्ड आला की तो एका कोपऱ्यात कायमचा बसवा. त्याची पॉवर रिलेने बंद-चालू करता येईल, प्रोग्रॅमर जोडलेला असेल, आणि रोज रात्री ताजा कोड त्यावर चढून चाचण्या चालतील. इंटरप्टच्या (चालू काम थांबवणाऱ्या हाकेच्या) वेळा, डीएमए (प्रोसेसरशिवाय मेमरीत माहिती हलवणं), झोपेतून उठणं हे लॅपटॉपवर दिसत नाही. ते इथेच सापडतं.

नेहमीची चूक: जगातल्या सगळ्या मायक्रोकंट्रोलरना चालेल असा सुंदर थर बांधत बसणं. तुम्हाला पाच-सहा फंक्शन्स लागतात, तेवढीच लिहा.

## पायरी ५: बोर्ड ही ठरल्या वेळेला सुटणारी गाडी समजा

‘सगळं पक्कं झालं की बोर्ड पाठवू’ असं म्हटलं की बोर्ड कधीच जात नाही. सहा ते आठ आठवड्यांनी एक गाडी सुटेल असं ठरवा आणि तारीख जाहीर करा. जे तयार आहे ते चढेल, उरलेलं पुढच्या गाडीला. स्प्रिंट दोन आठवड्यांचेच ठेवा. गाडीची लय वेगळी आणि स्प्रिंटची वेगळी, याचा गोंधळ करू नका.

पहिल्या गाडीतला बोर्ड देखणा नको, शिकवणारा हवा. आकार अंतिमपेक्षा दुप्पट झाला तरी चालेल. त्यावर या गोष्टी असाव्यात: प्रत्येक व्होल्टेज रेलवर (पॉवरच्या लाइनवर) आणि प्रत्येक बसवर टेस्ट पॉइंट (प्रोब लावून मोजायची जागा). ग्राउंडचा टेस्ट पॉइंट एक नाही, चार-पाच, कारण प्रोबची क्लिप कुठेतरी अडकवावी लागते. प्रत्येक भागाच्या पॉवरच्या वाटेत शून्य ओहमचा रेझिस्टर, म्हणजे तो काढून त्या एकाच भागाचा प्रवाह मोजता येतो. शंका असलेल्या जागी न बसवलेल्या पार्टचे पॅड. उरलेल्या जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) पिना बाहेर काढलेला हेडर.

आणि एक गोष्ट कुणीच सुरुवातीला ठेवत नाही: बोर्डची ओळख. तीन पिना रेझिस्टरने वर किंवा खाली बांधल्या की आठ आवृत्त्या ओळखता येतात. फर्मवेअर चालू होताच स्वतः कोणत्या बोर्डवर आहे ते वाचतं. तिसऱ्या गाडीनंतर टेबलावर तीन प्रकारचे सारखे दिसणारे बोर्ड पडलेले असतात, तेव्हा याची किंमत कळते.

सावधान: एका गाडीत पॉवर, अँटेना आणि सेन्सरची जागा असं सगळं एकदम बदललंत आणि रेंज सुधारली, तर कशामुळे सुधारली हे सांगता येणार नाही. निदान एकमेकांवर परिणाम करणारे बदल वेगवेगळ्या गाड्यांत ठेवा.

## पायरी ६: ऑर्डर देण्याआधीचा एक दिवस राखून ठेवा

हा दिवस स्प्रिंटच्या आराखड्यात आधीच लिहा. संध्याकाळी सातला, सगळे थकलेले असताना गर्बर फाइल्स (बोर्ड ज्यावरून बनतो त्या) पाठवायच्या नाहीत.

डीआरसी आणि ईआरसी (टूलने केलेली लेआउटची आणि सर्किटची आपोआप तपासणी) स्वच्छ आले की लोक निर्धास्त होतात. ती तपासणी फक्त नियम पाहते, अर्थ पाहत नाही. एका चिपची टीएक्स (पाठवायची पिन) दुसऱ्या चिपच्या टीएक्सला जोडली तर टूल कुरकुर करेलच असं नाही.

म्हणून हाताने तपासा. बोर्डची आकृती एकास एक प्रमाणात कागदावर छापा. पट्टी ठेवून छपाई खरंच एकास एक आहे ना ते पाहा, प्रिंटर ‘पानात बसवा’ करून फसवतो. मग खरे पार्ट त्या कागदावर ठेवा. कनेक्टर खोक्याच्या भोकासमोर येतो का? स्क्रूचं डोकं जवळच्या कपॅसिटरला लागतं का? केबल घालायला बोट जातं का?

चपट्या लवचिक केबलचा कनेक्टर असेल, तर थांबून दोनदा पाहा. त्यात संपर्क वरून असलेला आणि खालून असलेला असे दोन प्रकार येतात, आणि केबलचेही दोन प्रकार असतात. आमच्या एका बोर्डवर डिस्प्लेचा कनेक्टर स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) बरोबर होता, फूटप्रिंटही बरोबर होता, फक्त केबल दुसऱ्या प्रकारची आली. पिन १ च्या जागी शेवटची पिन. संध्याकाळभर डिस्प्लेला आणि ड्रायव्हरच्या कोडला शिव्या देऊन झाल्यावर कुणीतरी केबल उजेडात धरून तांब्याच्या पट्ट्या पाहिल्या. आता ती केबल कागदावर ठेवून पिन १ पासून बोट फिरवणं हे आमच्या यादीतलं पहिलं काम आहे.

शेवटी स्कीमॅटिक, बीओएम (पार्टची यादी), गर्बर आणि पार्ट बसवण्याच्या जागांची फाइल एकाच टॅगखाली गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) ठेवा. पाठवलेली फाइल आणि टॅगमधली फाइल एकच असली पाहिजे.

तपासा: ज्याने बोर्ड काढला नाही, अशा एका माणसाने स्कीमॅटिक डेटाशीटशी पिनेपिनेने पडताळलं का?

## पायरी ७: बोर्ड आला, आता घाई नको

पाकीट फोडून थेट सेल लावायचा मोह होतो. आधी पॉवर न देता भिंगाखाली पाहा: चिपचा पिन १ चा ठिपका, डायोडची दिशा, कनेक्टरच्या पिनांमधला सोल्डरचा पूल. मग मल्टिमीटरने प्रत्येक रेल आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजा. शून्याजवळ आला तर इथेच थांबा.

पहिली पॉवर सेलने नव्हे, प्रवाहाची मर्यादा लावलेल्या पॉवर सप्लायने द्या. आपल्या सेन्सरला ५० मिलिअँपिअरची मर्यादा पुरे. काही चुकलं असेल तर सप्लाय मर्यादेवर अडकेल आणि चिप वाचण्याची शक्यता राहील. रेलची व्होल्टेज बरोबर आली की प्रोग्रॅमर जोडा आणि चिपचा ओळख क्रमांक वाचा. मग एवढंच करणारा कोड चढवा: सीरिअल पोर्टवर स्वतःची आवृत्ती आणि बोर्डची आवृत्ती छापणं. त्यानंतर एकेक भाग चालू करा. पूर्ण फर्मवेअर पहिल्याच दिवशी चढवलंत तर बिघाड बोर्डचा की कोडचा यावर वाद होतील, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील.

आता झोपेतला प्रवाह. समजा ७०० मायक्रोअँपिअर आला. घाबरू नका, गणित करा. आय-टू-सीच्या लाइनवर ४.७ किलोओहमचा पुल-अप (लाइन वर ओढून धरणारा रेझिस्टर) आहे आणि सेल ३ व्होल्टचा. झोपताना ती पिन चुकून खाली धरलेली राहिली, तर एकट्या रेझिस्टरमधून सुमारे ६४० मायक्रोअँपिअर वाहतात. आपली मर्यादा होती २५. वर्षभर टिकायचा सेल पंधरवड्यात संपेल. पिन इनपुट करून झोपा, आकडा कोसळेल. उरलेले ६० कुठले, ते शोधायला पायरी ५ मधले शून्य ओहमचे रेझिस्टर एकेक काढा.

जोडलेली प्रत्येक जम्पर वायर, बदललेला प्रत्येक रेझिस्टर त्याच दिवशी नोंदवा. बोर्डवर मार्करने क्रमांक, वहीत त्या क्रमांकापुढे बदल. ही वही म्हणजेच पुढच्या गाडीचा बॅकलॉग. ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेली वायर पुढच्या आवृत्तीत हमखास राहून जाते.

सावधान: सगळ्या बोर्डवर एकदम दुरुस्ती करू नका. एक बोर्ड जसा आला तसाच कपाटात ठेवा. दुरुस्तीने काही नवीन बिघडलं का, हे तुलना करायला तोच लागतो.

## पायरी ८: डेमोला मोजमाप आणा

स्प्रिंटच्या शेवटी स्लाइड दाखवू नका. स्कोपवरची लहर, प्रवाहाचा आलेख, खोक्यात बसवलेला बोर्ड आणि शेजारी आधी लिहिलेला पासचा आकडा, एवढं पुरतं. ‘झालं’ म्हणायची अट सगळ्यांना एकच: मोजलं, कुठे आणि कोणत्या बोर्डवर मोजलं ते लिहिलं, आणि त्यामुळे घेतलेला निर्णय स्कीमॅटिकमध्ये किंवा कोडमध्ये गेला.

उत्तर ‘नाही’ आलं तरी ते पूर्ण झालेलं काम आहे. हे मॅनेजरच्या गळी उतरवायला वेळ लागतो. दुसऱ्या आठवड्यात कळलेलं ‘ही अँटेना चालणार नाही’ आणि साचा बनल्यावर कळलेलं तेच वाक्य, यातला फरक पायरी १ च्या कागदावर दाखवा.

## पायरी ९: गोठवायचं, पण थराथराने

सगळं एका दिवशी गोठवण्याचा प्रयत्न करू नका. आधी बोर्डचा बाह्य आकार, स्क्रूची भोकं आणि कनेक्टरच्या जागा, कारण साचा त्यावर अवलंबून. मग अँटेना आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा. मग पॉवर. बाकीचे रेझिस्टर-कपॅसिटर शेवटपर्यंत हलू देत.

प्रमाणपत्राच्या प्रयोगशाळेत जाण्याआधी, दुसऱ्या गाडीच्या बोर्डवरच स्वतः एक कच्ची ईएमसी तपासणी करून घ्या. जवळून धरायचा छोटा प्रोब आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर असला तरी कोणती क्लॉक लाइन ओरडतेय ते कळतं. तो आकडा प्रयोगशाळेचा नव्हे, पण ‘मागच्या बोर्डपेक्षा कमी की जास्त’ एवढं सांगायला पुरेसा आहे.

साच्याच्या बाबतीत एकच लक्षात ठेवा. पोलाद कोरून काढणं सोपं, परत भरणं अवघड. म्हणजे प्लास्टिक नंतर वाढवता येतं, कमी करायला वेल्डिंग लागतं. जिथे फिटिंगची शंका आहे तिथली रिब (आधाराची पट्टी) किंवा क्लिप मुद्दाम थोडी बारीक ठेवा आणि पहिले नमुने पाहून जाड करा.

फर्मवेअर मात्र गोठत नाही, ते विक्रीनंतरही बदलत राहणार. त्यासाठीची जागा पहिल्याच बोर्डला ठेवावी लागते: फ्लॅशमध्ये कोडच्या दोन प्रती मावतील एवढी मेमरी, आणि नवी प्रत नीट चालू झाली नाही तर वॉचडॉगने (कोड अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) रिसेट होऊन जुन्या प्रतीवर परत जाणारा बूटलोडर (चिप चालू होताच आधी चालणारा छोटा कोड). म्हणून मायक्रोकंट्रोलर निवडण्याआधी कोडचा आकार दुप्पट करून पाहा. आणि बूटलोडरची चाचणी अशी घ्या: अपडेट अर्ध्यावर असताना सेल काढा, परत लावा. असं निदान पन्नास वेळा, रात्री, त्या कोपऱ्यातल्या रिलेकडून.